भांग पाडलेला नारळ

"हालू नको गो. हालशीत तर भांग वाकडो जायत."

हा आवाज मी पहिल्यांदा कधी ऐकला ते आठवत नाही. पण तो कानात नव्हता असा काळही आठवत नाही. तिन्हीसांजेला, तुळशीपुढे दिवा लावायच्या आधी, अक्का मला खालच्या पायरीवर बसवायची, आपण वरच्या पायरीवर बसायची, माझं डोकं दोन गुडघ्यांत धरायची आणि खोबरेल चोपडून वेणी अशी ओढायची की माझ्या भुवया कपाळावर चढायच्या. शाळेत मास्तर विचारत, ही मुलगी सारखी नवल वाटल्यासारखी का बघते. आणि ओढता ओढता अक्का गुणगुणायची, तिच्या आईनं तिची वेणी ओढताना गुणगुणलेलं:

बायेचे माझ्या केस, लांब किती लांब,
वाटेक लागली बाय, वेणी म्हणता थांब.

अक्का म्हणजे माझी आई. घरातली थोरली सून म्हणून दीर तिला अक्का म्हणू लागले, मग आम्ही पोरं म्हणू लागलो, आणि शेवटी दाजी, म्हणजे आमचे वडीलही. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीला टेकून आमची वाडी. त्या वाडीत दाखवण्यासारख्या तीन गोष्टी होत्या: देवीचं देऊळ, खाडीचं मुख आणि अक्काचे केस. पाहुणा आला की त्याला याच क्रमानं दाखवत. देऊळ बंद असलं आणि खाडीला ओहोटी असली तरी केस असायचेच.

ते गुडघ्याखाली पोचत. रविवारी न्हाणं असे तेव्हा दाजी पहाटेपासून विहिरीचं पाणी ओढत, माझा थोरला भाऊ गुरुदास चूल फुंकी, आणि न्हाऊन झालं की अक्का दोन पोफळींच्या मधे बांधलेल्या दोरीवर केस वाळत घालून त्यांच्याखाली पाटावर बसून राही. हलता येत नसे. तिथूनच ती तांदूळ निवडायची, तिथूनच आम्हाला ओरडायची. एकदा एका कावळिणीनं त्या केसांत काडी आणून ठेवली होती. अक्कानं ती काढली नाही, "इली बिचारी," म्हणाली; पण मग कावळीण नवऱ्याला घेऊन आली, तेव्हा उठावंच लागलं.

शुक्रवारी दाजी आचऱ्याच्या बाजारातून अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, आणत. काही न बोलता तो अक्काच्या हातात देत, आणि अक्का काही न बोलता तो अंबाड्याला गुंडाळी. अंबाडा चांगल्या सोललेल्या नारळाएवढा. रात्री निजताना ती कानशिलांवर बाम चोळायची आणि म्हणायची, ह्या चेडवामुळे माझं डोकं ठणकतं. चेडू म्हणजे मुलगी, अर्थात मी. मी जन्मल्यापासून ठणकत होतं, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नसे. घरात एकाच्या गुडघ्याला वात, एकाची कंबर धरलेली, आणि आईच्या डोक्यात मी.

*

केसांचं वेड मला टीव्हीनं लावलं. वाडीत टीव्ही एकच, हौसाबाईंच्या ओटीवर, कारण त्यांचा मुलगा मस्कतला होता. हौसाबाई आमच्या शेजारीण. संध्याकाळी अख्खी वाडी तिथे बातम्या बघायला बसे. बाकीचे बातम्या बघत. मी बातम्या देणाऱ्या बाईंची मान बघे. केस मानेवर येऊन आत वळलेले, जसं वाऱ्यानं भाताचं शेत एकाच बाजूला वळतं. बाई पूर सांगोत, अपघात सांगोत, बट जागची हलत नसे. मला वाटे, हे कोणीतरी केलेलं आहे. कोणाचे तरी हात आहेत यात.

बारावी झाली तशी मी घरात सांगितलं की सावंतवाडीला विमलाबाईंकडे केस कापण्याचा सहा महिन्यांचा वर्ग आहे, तो मला करायचाय, आणि पुढे मालवणात बायकांसाठी दुकान काढायचंय. अक्का भाकरी थापत होती. तिनं ती इतकी जोरात थापली की मधे भोक पडलं. आमच्या घराण्यात मास्तर झाले, तलाठी झाले, एक तर चक्क बँकेत गेला, पण धोकटी कोणी काखेला मारली नाही, असं ती म्हणाली. मी डी.एड. करून मास्तरीण व्हावं, खडू धरावा, कात्री धरू नये. मी दाजींकडे बघितलं.

"बघूया," दाजी म्हणाले.

दाजींचं सांगायला हवं. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. सगळ्या वाडीच्या वतीनं देवीपुढे उभं राहून सुखदुःख सांगायचं, मागणं मागायचं, आणि दर वाक्याला मागून वाडीनं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दाजींचा आवाज असा, की ते गाऱ्हाणं घालू लागले की पलीकडच्या वाडीतली माणसंही हातातलं काम टाकून व्हय म्हणून घेत. म्हणायला पैसे पडत नाहीत आणि न जाणो, आपलंही भलं व्हायचं. पण वाडीच्या वतीनं इतकं बोलून झाल्यावर घरात बोलायला त्यांच्याकडे काही उरत नसे. "बघूया" हा त्यांचा घरातला सगळ्यात लांब शब्द.

"बघूया" म्हणजे नाही नव्हे, असं मी धरलं आणि गेले. सावंतवाडीत मावशीकडे राहायचं, शनिवारी एसटीनं घरी यायचं. अक्कानं ठरवून टाकलं: परीक्षा पास झाली तर दुकानाचं बघू, नापास झाली तर डी.एड. एकदाच संधी. आणि लगेच बाम मागितला.

*

विमलाबाईंचा वर्ग तलावाजवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. आम्ही नऊ मुली, आणि शिकायला एक प्लास्टिकचं डोकं. त्याला खोटे केस होते. पहिल्या आठवड्यात आम्ही त्याचा यू-कट शिकलो, दुसऱ्या आठवड्यात मानेपर्यंतचा बॉब, तिसऱ्यात बॉय-कट, आणि महिना संपता संपता ते डोकं असं झालं की मुंडण केलेल्या यात्रेकरूसारखं त्यानं कमंडलू घेऊन काशीला निघावं. पुढचे पाच महिने नुसती कात्री हवेत चालवायची. विमलाबाई फळ्यावर डोकं काढत आणि म्हणत, कल्पना करा. पण कल्पनेचे केस कसेही कापले तरी छान दिसतात, तिथेच तर घोळ होता.

वाडीत मी भेटेल तिला विचारू लागले, जरा डोकं देतेस का. टोकं तेवढी कापते, दिसणारही नाही. कोणी म्हणे शनिवार आहे, कोणी म्हणे भाऊ यायचाय. हौसाबाई म्हणाल्या की देतील, पण मस्कतला पत्र टाकून मुलाला विचारावं लागेल. मग मी विचारायला येण्याआधीच बायका पदर डोक्यावरून घेऊ लागल्या. मी वाडीतून चालले की पुढे पुढे पदर पडत जात, जशी वाऱ्याआधी पाण्यावर काळी सळ धावते. त्या वर्षी आमची वाडी फार मर्यादशील झाली असं दाजींना कोणीतरी देवळात म्हणालंसुद्धा.

अक्काला मी विचारलं नाही. विचारायचा प्रश्नच नव्हता. देवळाच्या कळसाला कोणी विचारतं का, जरा खाली येतोस का म्हणून.

शेवटी मला नारळ सापडला. पडवीत दाजींचा नारळांचा ढीग कायम असे. एका शनिवारी मी एक सुका नारळ घेऊन बसले, पुढून सोलला, वरचं आणि मागचं सोडण, म्हणजे काथ्याचं साल, तसंच ठेवलं, रात्रभर भिजत घातलं, कुटलं आणि फणीनं विंचरलं. सोनेरी, कुरळे, हातभर केस निघाले. वाटीत जरा मागे टेकवून ठेवला, तर केसांच्या आतून कोणीतरी आहे असं वाटू लागलं. नारळाला तीन डोळे असतात हे आपण सगळे जाणतो. पण ते शेंडीखाली असतात. देवानं डोळे द्यायचे आणि वरून केस सोडायचे, मग त्या बिचाऱ्यानं बघायचं कसं. मी कपाळावरच्या बटा कापल्या. दोन डोळे आणि एक तोंड, असं ते बाहेर आलं आणि माझ्याकडे बघू लागलं. तोंड जरा उघडंच, जसं आपण आता काहीतरी बोलणार.

त्यानंतर मी थांबले नाही. शनिवार-रविवारी माझे नारळ पडवीत ओळीनं बसलेले असत: एक यू-कटचा, एक पायऱ्यापायऱ्यांचा, एक बॉबचा. त्यांना मी नावं दिली नव्हती, कारण सोमवारी त्यांची आमटी व्हायची आणि नाव दिलेल्याचं खोबरं खाणं जड जातं. गुरुदास जेवायला बसला की विचारी, आज सारात कोण आहे, स्टेप-कट की बॉय-कट. बांगड्याच्या तिखल्याला बॉब बरा लागतो, असं त्याचं मत पडलं. अक्का पडवीतून जाताना त्या ओळीकडे बघत नसे. एकदाच थांबली होती. बॉबच्या नारळाकडे बघत उभी राहिली, त्याच्या उघड्या मानेवरून, म्हणजे नारळाला जिथे मान असती तिथून, बोट फिरवलं, आणि मग पदर सावरून म्हणाली, नारळाची नासाडी.

परीक्षा श्रावण संपायच्या आत होती. विमलाबाईंनी फळ्यावर लिहिलं: प्रत्येकीनं येताना जिवंत डोकं आणावं, केस कमरेखाली हवेत, परीक्षक बाहेरून येणार. आमच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींना बहिणी होत्या, वहिन्या होत्या. मला एक भाऊ होता आणि त्याचे केस आधीच मागे सरत होते.

*

नारळी पौर्णिमा रविवारी आली. आमच्या वाडीत त्या दिवशी देवळात गाऱ्हाणं होतं आणि मग वाजत गाजत नारळ खाडीच्या मुखाशी नेऊन दर्याला देतात. नारळाला आमच्याकडे फार जपतात. शेंडी हवी, भरघोस हवी, शेंडी नसलेला नारळ देवाला चालत नाही. आदल्या रात्री धुऊन, तेलाचा हात लावून तो स्वच्छ कपड्याखाली झाकून ठेवतात आणि गाऱ्हाण्यात देवीपुढे धरेपर्यंत कोणी उघडून बघत नाही.

आणि मी आदल्या रात्री काय केलं होतं, तर परीक्षेच्या सरावाचा माझा शेवटचा, सगळ्यात सुंदर नारळ धुतला होता, तेलाचा हात लावला होता आणि केस सुकून ताठ होऊ नयेत म्हणून धुतलेल्या पंच्याखाली झाकून पडवीत ठेवला होता. मधोमध भांग, मानेपर्यंत बॉब, कपाळावर बटा. भांग सरळ आहे ना ते कळावं म्हणून दोन डोळ्यांच्या मधे अक्काची एक टिकली लावली होती. अक्कानं देवाचा नारळ देवघरात झाकून ठेवला होता. गुरुदास सकाळी न्हाऊन ओल्यानंच आला, त्याला आधी पडवी लागली. त्यानं पंच्यासकट उचलला, तबकात ठेवला आणि देवळात नेऊन दिला. बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. इतकं नीट झाकलेलं आमच्या घरात देवाचंच असतं.

देऊळ भरलं होतं. पुरुष पुढे, बायका मागे, आणि बायकांत पहिल्या रांगेत अक्का, अंबाड्यावर ताजा वळेसार. पाऊस उघडला होता, कौलांवरून थेंब थेंब पडत होतं. दाजी देवीपुढे उभे राहिले आणि घरातले दाजी संपून देवळातले दाजी सुरू झाले.

"बा देवी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज सालाबादाप्रमाणे ही तुजी लेकरा तुज्या दारात उबी आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

दाजींनी तबकावरचा पंचा काढला आणि नारळ दोन्ही हातांनी वर धरला.

मी खांबाआडून बघितलं. दाजींच्या हातात, त्यांच्या तोंडासमोर, टिकली लावलेली एक बाई भांग पाडून त्यांच्याकडे बघत होती. तोंड जरा उघडं. दाजी तिच्याकडे बघत राहिले. ती दाजींकडे. नजर आधी कोण खाली घालतो असा प्रकार. मागच्यांना दाजींच्या डोक्याआडून नारळाची फक्त कड दिसत होती, म्हणजे मानेवर आत वळलेला बॉब, आणि हौसाबाई कोणाच्या तरी कानात म्हणाल्या की हे कुठेतरी बघितलंय, बातम्यांत.

गाऱ्हाणं मधे तोडता येत नाही. सुरू केलेलं गाऱ्हाणं तुटलं तर वर्षभर वाडीचं काही धड होत नाही, असा समज. दाजींचे ओठ दोनदा हलले. मग त्यांनी डोळे मिटले आणि आवाज लावला.

"आज जो नारळ तुज्यापुढे इलो हा, तो नटान इलो हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. सवयच ती. कोणी काय म्हटलं ते नंतर कळतं.

"कात्री चेडवाची, नारळ माजो, चूक झीलाची, गुरुदासाची. ती पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"शेंडी कमी आसा. पण तेका आता दिसता. इतकी वर्षां आमी तुका डोळे झाकलेले नारळ दिले, आज एक बघणारो नारळ दितंव, तो गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आता थांबतील असं मला वाटलं. पण दाजींना सूर सापडला होता. सहा महिने घरात "बघूया"च्या मागे जे दाबून ठेवलं होतं ते सगळं देवीपुढे बाहेर पडू लागलं. चेडू शिकतंय, हात चांगला आहे, तिची परीक्षा आहे. तिला मालवणात दुकान घालायचंय, त्या दुकानाला बरकत दे. एकेका वाक्यानं आवाज चढत होता आणि एकेका वाक्याला वाडी व्हय म्हणत होती.

"तिका परीक्षेक एक डोक्या मिळना म्हाराजा. वाडीतल्या एका बायलमाणसाक बुद्धी दी, आणि तिचा डोक्या ह्या चेडवाच्या सुपूर्द कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

हे सगळ्यात मोठ्यानं आलं, आणि मागून आलं, बायकांकडून. कौलावरचा थेंब पडलेला ऐकू आला. एकेक पदर डोक्यावर गेला.

"मी खय बोललंय," हौसाबाई म्हणाल्या. "माझ्या घशात आज खरखर आसा."

*

वाडीत देवीपुढे दिलेला व्हय परत घेता येत नाही. त्यामुळे आता कोणाचं तरी डोकं देणं वाडीला आलं, एवढं ठरलं. कोणाचं ते ठरेना. तो आठवडा मी घरीच होते, आणि रोज संध्याकाळी कोणी ना कोणी आमच्या ओटीवर तोडगा घेऊन यायचं. सत्यवतीकाकू म्हणाल्या की गाऱ्हाण्यात डोकं म्हटलं होतं, केस म्हटलं नव्हतं; तर त्या परीक्षेला येऊन बसतील, मी हात लावायचा नाही. हौसाबाईंनी त्यांची म्हैस सुचवली. तिच्या शेपटीला चांगला गोंडा होता आणि ती उभी राहायला शांत होती. एकानं आपली बायको देऊ केली, ती माहेरी गेलेली असताना. शेवटी चार जाणते दाजींकडे आले की देवीला कौल लावू, जिच्या नावानं पाकळी पडेल तिनं जायचं. दाजी परत घरातले झाले होते. एवढंच म्हणाले, देवीला केसांत गुंतवू नका.

अक्का या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. पौर्णिमेपासून तिनं मला ओरडणंही सोडलं होतं, आणि ते मला जास्त जाचत होतं. तिन्हीसांजेला मी सवयीनं पायरीवर बसले, तिनं माझी वेणी घातली, पण ओढली नाही. सैल वेणी. माझ्या भुवया जागच्या जागी राहिल्या. मी मनात म्हटलं, संपलं, हिनं मला डी.एड.ला घातलं.

परीक्षेच्या सकाळी मी पिशवीत कात्री, फणी, चिमटे आणि एक उत्तम विंचरलेला नारळ घेतला. जिवंत नव्हता, पण उगवू शकला असता. तेवढं परीक्षकांना सांगून बघायचं होतं. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, तर मागून अक्का आली. ठेवणीतलं लुगडं, हातात छत्री, पायांत चपला. वाडीबाहेर ती लग्नाशिवाय जात नसे, म्हणून मी विचारलं, कोणाचं लग्न आहे का.

"सावंतवाडीक काम आसा," ती म्हणाली. "लाकडी पोळपाट बघूचो आसा. मेळता थंय बरो."

घरात तीन पोळपाट होते. एसटीत ती खिडकीशी बसली, अंबाडा मागच्या दांडीला आपटत होता म्हणून मान पुढे काढून, कुडाळपर्यंत, कुडाळहून सावंतवाडीपर्यंत. वळणावर सगळे मागे वळून बघायचे, माडांतून दिसणारा पाण्याचा तुकडा जाईपर्यंत बघायचे. अक्का वळली नाही. मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं की तिला वळता येत नाही. वळायचं तर ती खांद्यांसकट, सगळी उठून वळते, जशी जड होडी वळते.

विमलाबाईंच्या माडीवर आठ खुर्च्यांत आठ डोकी बसली होती. नवव्या खुर्चीत मी नारळ ठेवला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चष्मा लावून जवळ आल्या, नारळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की ही काय चेष्टा आहे. मी सांगितलं, चेष्टा नाही, बाई, वाडीत डोकं मिळालं नाही. विमलाबाईंनी कपाळाला हात लावला. परीक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या की नियम तो नियम, पुढच्या वर्षी ये. मला पुढचं वर्ष नव्हतं.

भिंतीशी बाकावर अक्का बसली होती, छत्री गुडघ्यांवर आडवी धरून. ती उठली. माझ्या खुर्चीपाशी आली, नारळ उचलला, परीक्षक बाईंच्या हातांत दिला, धरा जरा म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

मग तिनं वळेसार सोडला. एकेक आकडा काढून पदरात ठेवला. अंबाडा सुटला आणि केस खुर्चीच्या पाठीवरून ओघळत, ओघळत खाली फरशीवर येऊन थांबले. सगळ्या वर्गाच्या कात्र्या थांबल्या. परीक्षक बाई नारळ छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना ते कळलंही नाही. नारळ त्यांच्या हातांतून बघत होता.

मी फणी घेतली. टोकं तेवढी, बोटभर, असं मनात ठरवलं, तेवढ्यात यू-कट बसेल. अक्काच्या मागे उभं राहून तिचं डोकं मी कधी बघितलं नव्हतं. मी कायम खालच्या पायरीवर. भांगात केस विरळ झाले होते. कानशिलांवर बामाचा वास होता, आणि तिथली कातडी ओढून ओढून चकाकत होती.

"अक्का," मी विचारलं, "किती कापू?"

समोर आरसा होता. अक्का आरशातून माझ्याकडे बघत होती.

"मानेर ठेव," ती म्हणाली. "त्या नारळासारखे."

मी एक पाऊल मागे सरले. मी म्हटलं, अक्का, वाडी काय म्हणेल, दाजी काय म्हणतील.

"तेंका सांग, वळेसार आता नारळाक घाला." ती जरा हसली आणि मग हसू गेलं. "हे केस माजे कधी नव्हतेच गो. आवशीन वाडयले, सासवेन मोजले, तुज्या बापाशीन सजयले, वाडीन मिरयले. वजन तेवढा माजा. रात्री मी उताणी निजूक नाय, लगीन झाल्यापासून. डोक्या तुज्यामुळे नाय दुखत, ह्यांच्यामुळे दुखता. ता मी कोणाक सांगूक नाय, कारण सगळ्यांका बरे दिसत." ती थांबली. आरशात तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "आणि तू. सगळ्या वाडीक इचारलंस. हौसाक इचारलंस, सत्यवतीक इचारलंस, झाडावरच्या नारळाक इचारलंस. माका नाय इचारलंस. तुजो राग नव्हतो माका, कात्रेचो पण नव्हतो. रोज पायरेर बसान वाट बघी, आज इचारीत, उद्या इचारीत. आता काप. आणि हालू नको. हालशीत तर भांग वाकडो जायत."